तेवीस नंबरचा पर्याय

३ सप्टेंबर, मंगळवार

निवृत्त होऊन तीन महिने झाले, आणि आज पहिल्यांदा घरात माझ्या लायकीचं काम निघालं. म्हणून ही वही उघडली. कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं सहायक होतो. निघताना सहा कोऱ्या प्रॅक्टिकलच्या वह्या रीतसर मागून घरी आणल्या होत्या. एका बाजूला रेघा, समोरचं पान आकृतीसाठी कोरं. कशाला आणल्या, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

झालं असं, की हिचा चहा संपला. ही कोरा चहा पिते, दूध नाही, साखर नाही, आणि तोही एकच: बाजारामागच्या गल्लीतल्या दुकानातला तेवीस नंबर. तिथले म्हातारे दुकानदार स्वतःच्या हाताने पत्त्या मिसळायचे. मिश्रणांना नावं नव्हती, नंबर होते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ही रिकामा डबा घेऊन जायची आणि भरून आणायची. या खेपेला शनिवारच्या आधीच संपला म्हणून आज ऑफिसातून परस्पर गेली, तर डबा रिकामाच परत आला. दुकान बंद झालंय, म्हणाली. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

जेवताना मी म्हणालो, काळजी करू नकोस, चहा म्हणजे शेवटी काय, मिश्रण. जे एकदा मिसळता येतं ते पुन्हाही मिसळता येतं. ती "बघा" म्हणाली. बायकोचा आपल्यावर विश्वास आहे हे कळलं, की माणसाला बरं वाटतं.

५ सप्टेंबर, गुरुवार

काल साहित्य जमवलं. चार दुकानं पालथी घालून सात प्रकारच्या पत्त्या आणल्या: लांब पानाच्या दोन, दाणेदार तीन, एक अगदी भुकटी आणि एक धुरकट वासाची, जी दुकानदारालाही कोणी विकत घेईल असं वाटत नव्हतं. औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन लेबलं लावली. जुना वजनकाटा साफ केला. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग मी घेतला आहे. तिथे हिच्या ऑफिसचं (ही पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढते) एक खाकी पाकीट पडलेलं होतं, ते उचलून फ्रिजवर ठेवलं.

सकाळी साडेसहाला पहिला नमुना दिला. तिने घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं, आणखी एक घोट घेतला. "बरा आहे. पण तो नाही."

नोंद केली.

९ सप्टेंबर, सोमवार

नमुना ५: "जवळ आलात, पण उग्र झालाय."

लिहिण्यासारखं असं, की मी सहा वाजता उठतो आहे. नोकरीत होतो तेव्हा पावणेसातची बस असायची. मी उठून आवरून निघेपर्यंत ही अंथरुणातच असायची, किंवा उठलेली असली तरी स्वयंपाकघरात पाठमोरी. ती सकाळी चहा बसून पिते, टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला, दोन्ही हातांत कप धरून, हे मला या आठवड्यात कळलं. निरीक्षण म्हणून नोंदवून ठेवतो.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

नमुना ८ बाद. "याला ओल्या पोत्याचा वास येतोय." मी कारण विचारलं तर म्हणाली, कारण कसलं, येतोय म्हणजे येतोय.

एक गंमत आहे. ही मला अचानक घरकाम शिकवायला लागली आहे. काल वॉशिंग मशीन. आज विजेचं बिल कुठे भरायचं, गॅसवाल्याचा नंबर कुठे लिहिलाय, बटाट्याचं सूप कसं करायचं. नमुने बनवताना माझा हात बसलेला पाहून तिला धीर आला असणार. सूप चांगलं झालं. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "जमेल तुम्हाला."

१७ सप्टेंबर, मंगळवार

लेकीचा फोन. ती दोन तासांच्या अंतरावर राहते आणि दर मंगळवारी फोन करते. मी तिला अकरा नमुन्यांचा अहवाल दिला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, आई काही बोलली का?"

मी म्हणालो, बोलली ना, नववा नमुना पातळ आणि दहावा कडवट.

"ते नाही. दुसरं काही?"

दुसरं काही नाही, म्हणालो. तिने फोन आईला द्यायला सांगितला. ही फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दार ओढून घेतलं. मायलेकींचं काहीतरी शिवणटिपणाचं असेल.

१८ सप्टेंबर, बुधवार

ते खाकी पाकीट पुन्हा टेबलावर आलं होतं. माझ्या लक्षात आलं नाही आणि मी त्यावर गरम कप ठेवला. तपकिरी गोल उमटला. हिने पाकीट उचललं, फडक्याने टिपलं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. मी माफी मागितली. मी दुसऱ्याचे कागद वाचत नाही, हा माझा नियम आहे. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी हिचं एकही पत्र उघडलेलं नाही. तसं मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "हो, माहीत आहे मला."

२३ सप्टेंबर, सोमवार

नमुना १४. "नाही."

खरं लिहायचं तर आज कंटाळा आला. सात पत्त्या, दोन-दोन, तीन-तीन मिसळून, मुरवायचा वेळ कमीजास्त करून, जेवढं करता येतं तेवढं केलं. माझ्या नोंदी नीट आहेत, आकृत्या नीट आहेत, आणि चहा मात्र जमत नाही. प्रयोगशाळेत असं झालं, की आम्ही मूळ नमुना काढून तुलना करायचो. इथे मूळ नमुनाच नाही. डब्याच्या तळाशी चिमूटभर भुगा होता, तोही हिने पहिल्याच दिवशी डबा धुताना घालवला.

अशी चूक हिच्या हातून होत नाही. नकाशावरची चुकलेली रेघसुद्धा ती वर्षभर जपून ठेवते.

२६ सप्टेंबर, गुरुवार

मोबाइल कव्हरांच्या दुकानात गेलो. दुकानदार बाई भली होती. म्हणाली, चहावाले आजोबा पुलापलीकडे सुनेकडे राहतात, हाताला कंप सुटल्यामुळे दुकान सोडलं. तिने पत्ता एका कव्हराच्या खोक्यावर लिहून दिला. दुकानात अजून चहाचा वास आहे. मी तसं म्हणालो तर ती म्हणाली, गिऱ्हाइकं आत येतात आणि आपण काय घ्यायला आलो होतो तेच विसरतात.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज म्हाताऱ्यांकडे जाऊन आलो. सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

तिसऱ्या मजल्यावर घर. सुनेने दार उघडलं. आजोबा बाल्कनीत, मांडीवर टॉवेल, बाजूच्या स्टुलावर तीन कप. हात कापतो म्हणून कप अर्धेच भरलेले. मी बाटल्या आणि वही काढली, त्यांनी चष्मा लावून सगळी पानं पाहिली. एवढं नीटनेटकं काम आपल्या धंद्यात कधी पाहिलं नाही, असं म्हणाले. मी खूश झालो.

मग मी तेवीस नंबरचं प्रमाण विचारलं. ते म्हणाले, ठरलेलं प्रमाण असं काही नव्हतं. पत्ती दर हंगामाला वेगळी यायची, कधी एखादा मळाच बंद व्हायचा, मग ते हातातलं बघून पुन्हा जुळवायचे. ही त्यांच्या दुकानात जायला लागली त्या गेल्या अकरा वर्षांत तेवीस नंबर चौदापंधरा वेळा तरी बदलला असेल.

 मी म्हणालो, मग तो तेवीस नंबर कसा?

"सकाळी जागं करेल पण घाई करणार नाही, एवढं जमलं की तो तेवीस." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसा लागला, यातला कुठला?"

मी सांगितलं, मी चहा पीत नाही. पित्त होतं. लहानपणापासून गरम पाणीच.

त्यांनी वही पुन्हा उघडून पानं मोजली. मग म्हणाले, "चौदा चहा केलेत आणि एकही चाखला नाहीत?"

चाखण्याचं काम हिचं आहे, करण्याचं माझं, असं मी समजावून सांगितलं. आजोबा हसले नाहीत, पण आतून सून हसलेली मला ऐकू आली.

निघताना ते हिच्याबद्दल बोलले. तुमच्या बाई कधी डबा घेऊन लगेच गेल्या नाहीत, म्हणाले. स्टुलावर बसायच्या, अर्धा-पाऊण तास. दोन-तीन चहा चाखायच्या आणि बोलायच्या. जमिनीखालच्या जुन्या नळांच्या गोष्टी. शंभर वर्षांपूर्वीचा एक नळ कोणाच्याच नकाशावर नव्हता, तो बाईंनी कसा शोधून काढला, ते त्यांनी दोनदा सांगितलं आणि आजोबांनी दोन्हीदा ऐकलं.

मला त्या नळाबद्दल माहीत नव्हतं. शनिवारी उशीर झाला, की "दुकानात गर्दी होती" असं ही म्हणायची. आजोबांच्या दुकानात स्टूल एकच होतं. काही जुळत नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

सकाळी दोन कप केले. नमुना १५. एक तिच्यासमोर ठेवला, एक घेऊन मी समोर बसलो. तिने विचारलं, हे कोणासाठी? म्हणालो, माझ्यासाठी.

"पित्त होईल हो."

"होऊ दे."

पहिला घोट: भिजलेल्या सुतळीसारखा. दुसरा: तोच, पण गरम. कप संपवला. ती माझ्याकडे पाहत होती, आणि माझं तोंड पाहून तिला हसू आवरेना. कपाळाला हात लावून हसत होती. तिला असं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं होतं, आठवत नाही. या नमुन्याबद्दल तिने मत दिलंच नाही, आणि मीही विचारायचं विसरलो.

पित्त झालं.

५ ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर पितो आहे. आता अर्धाच कप, आणि आधी पावाचा तुकडा खाऊन. पित्त नाही. लांब पानाची पत्ती एकटी असली तर पोकळ लागते, दाणेदार एकटी असली तर अंगावर येते, हे मला आता लिहिलेलं न वाचता कळतं. चौदा नमुने मी आंधळ्यासारखे केले होते.

आज धीर करून त्या जुन्या नळाबद्दल विचारलं. ती चमकली. मग कप बाजूला सरकवून टेबलावर बोटाने रेघा काढत सगळं सांगितलं. पावणेआठ वाजले. ऑफिसला उशीर होईल म्हणून मीच आठवण केली. ती म्हणाली, शनिवार आहे हो आज.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज वही उघडली तशी ती म्हणाली, "ती वही जरा मिटा."

मिटली.

तिने खाकी पाकीट माझ्यासमोर सरकवलं. वर माझ्या कपाचा गोल होताच. आत ऑगस्टमधलं पत्र होतं. डोंगरावरच्या मोठ्या धरणापाशी खात्याचं नवं कार्यालय होतंय. सगळ्या खोऱ्याचे नकाशे नव्याने करायचे आहेत. नकाशा विभागाची प्रमुख म्हणून हिला बोलावलंय. दोन वर्षं. इथून बसने सात तास. उत्तर ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यायचं.

"दोन महिने सांगीन सांगीन म्हणतेय," ती म्हणाली. "तुम्ही एवढे चहात गुंतला होतात. आणि मलाही सकाळी तुमच्याबरोबर बसायला बरं वाटत होतं. म्हटलं, आणखी एक नमुना होऊ दे."

मग विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "तुला हवं तसं कर. माझी काही हरकत नाही."

ती उठली आणि कप विसळून पालथा घातला. दिवसभर जेवढ्यास तेवढं बोलली.

मला कळत नाही. कुठल्या नवऱ्याने याहून मोकळेपणाने सांगितलं असतं?

१५ ऑक्टोबर, मंगळवार

लेकीला सगळं सांगितलं. तिला आधीपासून माहीत होतं. मी म्हणालो, मी पूर्ण मोकळीक दिली, तरी तुझी आई रुसली.

"बाबा, आईने परवानगी नव्हती मागितली. मत विचारलं होतं."

दोन्ही एकच, म्हणालो.

"नाही बाबा. आईला नाटकवाल्यांच्या ग्रूपबरोबर दौऱ्यावर जायचं होतं तेव्हा तिला हेच म्हणालात. मी लग्न ठरवलं तेव्हा मलाही हेच. तुमची कधीच हरकत नसते. आम्हाला कधी कळतच नाही, की तुम्हाला आम्ही हवे आहोत की नाही."

तिला सूप गॅसवर आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

तीन दिवस लिहिलं नाही. नमुनेही नाहीत. ती स्वतःच पिशवीतला कुठला तरी चहा करून पिते, उभ्यानेच.

मला काय वाटतं? प्रयोगशाळेत हे कोणी विचारत नसे. प्राध्यापक सांगायचे, मुलं करायची, मी बाटल्या भरून ठेवायचो. आपलं मत मध्ये न आणणं हाच तिथला गुण होता. तो गुण मी रोज संध्याकाळी घरीही घेऊन येत होतो, आणि त्याला समंजसपणा म्हणत होतो.

२० ऑक्टोबर, रविवार

पुन्हा आजोबांकडे गेलो. काही न सांगता बसलो. त्यांनी माझ्या बाटल्यांतली लांब पानाची पत्ती हुंगली, दाणेदार हुंगली, मग मला हुंगायला दिली. "हात माझा चालत नाही. तुम्ही मिसळा, मी बघतो." मी काटा काढला तर म्हणाले, तो राहू द्या.

चिमटीने मिसळलं. तीन वाटे लांब, दोन दाणेदार. मग माझं मीच ते धुरकट पान घेतलं, जे आजवर एकदाच वापरलं होतं, आणि अगदी नखभर टाकलं. का टाकलं ते सांगता येणार नाही. काहीतरी कमी पडतंय असं वाटलं.

सुनेने पाणी उकळून आणलं. आजोबांनी घोट घेतला आणि दुसरा कप माझ्याकडे सरकवला. मी प्यायलो. चांगला होता. कोणी सांगायच्या आधी मला कळलं, की चांगला आहे.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी तिला उभ्याने पिऊ दिलं नाही. खुर्ची ओढली. दोन कप ठेवले. वही आतल्या खोलीत होती, त्यामुळे हे आठवून लिहितो आहे.

म्हणालो, "मला यात काय वाटतं ते सांगतो. हा चहा चांगला आहे."

तिने घोट घेतला. 

"आणि दुसरं. तू गेलीस आणि मी इथे एकटा राहिलो, तर मला ते अजिबात आवडणार नाही. तू माझ्यासाठी गेली नाहीस, तर तेही आवडणार नाही. तो जुना नळ शोधणारी बाई इथे टेबलावर बोटाने रेघा काढत बसलेली मला बघवणार नाही."

"मग?"

"मग मी बरोबर येतो."

तिने कप खाली ठेवला. तिथे काही नाही हो, म्हणाली. चार क्वार्टर्स आहेत आणि वारा. वाचनालय नाही, ओळखीचं माणूस नाही. तुम्ही दिवसभर कराल काय?

मी म्हणालो, माहीत नाही, पण मला यायचं आहे.  ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि पदराने नाक पुसत म्हणाली, "आधी नाही का सांगायचं." आधी म्हणजे केव्हा, आज की एकतीस वर्षांपूर्वी, ते मी विचारलं नाही.

मग तिने कप संपवला आणि माझ्याकडे आणखी मागितला. चहा तेवीस नंबर होता की नाही, याबद्दल एक शब्द बोलली नाही. तेवढं विचारायला हवं होतं, असं आता वाटतंय.

३० ऑक्टोबर, बुधवार

पत्राचं उत्तर काल गेलं. घर आवरतोय. बाटल्या मी स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळल्या.

आजोबांचा निरोप घ्यायला दोघं गेलो. ही बाल्कनीत त्यांच्यापाशी बसली, मी सुनेबरोबर स्वयंपाकघरात कप विसळत होतो. बाहेर दोघंही हसत होती. मी आलो तशी गप्प झाली. आजोबांनी आपला चाखायचा चमचा मला दिला.

१७ नोव्हेंबर, रविवार

इथे येऊन आठ दिवस झाले. क्वार्टरच्या दोन्ही खोल्यांतून धरणाची भिंत दिसते. वाऱ्याबद्दल ती म्हणाली होती ते खोटं नव्हतं. काल दोरीवरचा शर्ट खालच्या क्वार्टरमधल्या इंजिनिअरच्या दारात सापडला. तो हसतमुख आहे, आणि त्याच्याकडे बुद्धिबळाचा पट आहे.

ही दिवसभर खोऱ्यात हिंडते. आज बुटांना चिखल लावून आली आणि दारातूनच बोलायला लागली, बूट काढेपर्यंतही थांबली नाही. मी दारात उभा राहून ऐकलं.

चहा आजोबांच्या बाल्कनीत जमला तोच, त्याच मापाने करतो आहे. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "हाच. अगदी हाच." लग्नानंतर एवढं सरळ प्रमाणपत्र मला पहिल्यांदाच मिळालं. मी मान डोलावली. आठ दिवस मान डोलावतो आहे.

पण इथलं पाणी सरळ धरणातून येतं, आपल्या जुन्या पाण्यापेक्षा खूप हलकं आहे. त्यात दाणेदार पत्ती जरुरीपेक्षा जास्त सुटते आणि लांब पानाचा वास तिच्याखाली दबून जातो. धुराचं पान तर कुठल्या कुठे. चहा आता नुसता तगडा लागतो. तिला आवडतो आहे. पसंतीचा चहा मिळाला, की माणसाने तिथेच थांबायला हवं.

मला आवडत नाही.

हे मी आत्ता संध्याकाळी तिला सांगितलं. ती नकाशा पसरून बसली होती. पेन्सिल कानामागे लावली आणि म्हणाली, तुम्हाला दोन महिन्यांत एवढी अक्कल आली काय, मी तीस वर्षं चहा पितेय. मी म्हणालो, तू तीस वर्षं पितेस, पण हे पाणी तुझ्याही जिभेला नवं आहे. ती म्हणाली, पाण्याबद्दल मला शिकवू नका. मी म्हणालो, नकाशातल्या पाण्याबद्दल नाही शिकवत, कपातल्या पाण्याबद्दल सांगतोय.

वाद चांगला अर्धा तास चालला. शेवटी ती उठली, आधण ठेवलं आणि म्हणाली, करून दाखवा तर मग. मी बाटल्या काढल्या. ती टेबलाला टेकून उभी राहिली, हात बांधून, प्रत्येक चिमटीकडे लक्ष ठेवून.